मोहोराआधीची बाग

मुंबईच्या चाकरमान्याचं गावाला यायचं वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे: गणपती, शिमगा आणि मे महिना. गणपतीत आंब्याची बाग गच्च हिरवी असते आणि गवतामुळे आत पाऊल टाकायची सोय नसते. शिमग्याला झाडावर कैरी दिसते, मेमध्ये पेटी. तिन्ही वेळेला माणूस बांधावर उभा राहून बाग बघतो, खूश होतो आणि परत जातो. बागेतली सगळ्यात कष्टाची, सगळ्यात नेमकी कामं मात्र दसरा ते तुळशीचं लग्न या महिन्याभरात उरकलेली असतात. त्या वेळी तो दादर-डोंबिवलीत कंदील लावत असतो.

रत्नागिरीची गंमत ही की इथला शरद ऋतू जगाच्या उलटा चालतो. इंग्लंड-अमेरिकेत राहणारी आपली मंडळी याच दिवसांत परसातली बाग आवरायला घेतात. डेलियाचे कंद उकरून कोरड्या जागी ठेवतात, ट्यूलिपचे पुरतात, गळलेली पानं गोळा करतात. थंडी येणार म्हणून बागेची निजानीज. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळलेला असतो. चार महिने बाग माणसाच्या ताब्यात नसतेच. हस्ताचा पाऊस सरला, चित्रा नक्षत्राचं ऊन तापलं, जांभ्याचा कातळ पायाला चटके द्यायला लागला, की बागायतदार कोयती पाजळतो. इथलं बागकामाचं वर्ष खऱ्या अर्थानं आश्विनात सुरू होतं.

पहिलं काम बेणणीचं. पावस, गणेशगुळे, गावखडी, इकडे नेवरे, मालगुंड, जाकादेवी, कुठेही जा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, ग्रासकटरचा आवाज ऐकू येतो. पावसात गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. ते कापायचं, एवढंच काम. पण केव्हा कापायचं यात सगळी अक्कल आहे. लवकर कापलं तर परतीच्या पावसावर पुन्हा उगवतं आणि मजुरी दोनदा मोजावी लागते. उशीर केला तर बी पडून जातं आणि पुढच्या वर्षीची बेगमी गवतानं आधीच केलेली असते. गवत फुलोऱ्यावर आलंय पण बी झडलेलं नाही, असा पंधरवडाभराचा अवकाश मिळतो. तो साधणारा बागायतदार आणि न साधणारा, यांच्या बागा जानेवारीत शेजारी शेजारी उभ्या राहून बघाव्यात.

कापलेल्या गवताचं काय करायचं, यावर गावोगाव दोन पक्ष आहेत. एक पक्ष ते गोळा करून काडी लावतो आणि बाग चकाचक झाली म्हणतो. दुसरा ते कलमांच्या विस्ताराखाली पसरतो, बुंध्यापासून थोडं लांब, कारण बुंध्याला चिकटून गवत कुजलं की वाळवीला आवतण. मी उघडच दुसऱ्या पक्षाचा आहे. जांभ्याच्या मातीत पाणी मुळात टिकत नाही. जूनपासून पडलेला सगळा पाऊस दिवाळीपर्यंत खाली निघून जातो. तिथे हाताशी आलेलं आच्छादन जाळणं म्हणजे विकतचं शेणखत आणून घरचं पेटवण्यासारखं आहे. पूर्वी प्रश्नच नव्हता. गवत गोठ्यात जायचं, गोठ्यातून शेणखत होऊन बागेत परत यायचं. गुरं कमी झाली आणि हा फेरा तुटला. आता काही ठिकाणी गवत कापायचेही कष्ट नकोत म्हणून तणनाशक मारतात. बाग स्वच्छ दिसते, पण पहिल्या वळवाच्या सरीला उघडी माती वाहून जाते, आणि कातळावर माती किती असते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

यंत्रानं काम झपाझप होतं हे खरं. मात्र दोन-तीन वर्षांच्या कलमाजवळ ग्रासकटरचं पातं किंवा नायलॉनची दोरी नेली, की साल सोलते. सालीला गोल जखम झाली की वरून झाड आठवडाभर ठीक दिसतं, मग माना टाकतं. म्हणून जाणता माणूस लहान कलमाभोवती हातभर जागा विळ्यानंच साफ करतो.

बेणणीच्या गड्याला दुसरी भीती फुरशाची. रत्नागिरी जिल्हा आणि फुरसं हे नातं जुनं आहे. जेमतेम हातभर लांबीचा हा साप जांभ्याच्या चिऱ्यांत, गडग्याच्या फटींत, वाळक्या गवतात बसतो. रंग मातीसारखाच. डिवचला गेला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवत चालवल्यासारखा आवाज करतो. यंत्राच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. आकारावर जाऊ नये. त्याच्या विषानं रक्त गोठायची क्रिया बिघडते. गमबूट घालायला गडी कंटाळतात, पायाला घाम येतो म्हणतात. मालकानं बूट आणून द्यावेत आणि घालायला लावावेत. चावा झालाच तर मांत्रिक, जडीबुटी, चिरा मारणं यात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावं. सर्पदंशाची लस तिथे मिळते.

गवत निघालं, बाग मोकळी झाली, की मान वर करून झाडं बघायची पाळी येते. चार महिन्यांत झाडावर काय काय घडलंय ते आता दिसतं. मोडकी, वाळकी फांदी लांबूनच ओळखू येते. बांडगुळासाठी मात्र नजर लागते. आंब्याचं पान आणि बांडगुळाचं पान लांबून सारखंच वाटतं. जवळ गेलं की बांडगुळाचं पान जाड, मेणचट, फिकट. त्यात नारिंगी नळीसारखी फुलं असली तर ओळख पक्की. हा अर्धा परोपजीवी. स्वतःच्या पानांत अन्न बनवतो, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतो. फांदीला जिथे तो चिकटतो तिथे गाठ येते, आणि गाठीच्या पुढची फांदी दरवर्षी थोडी थोडी बारीक होत मरते.

तो पसरतो कसा, हे बघायला मिळालं तर बघावं. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाचं फळ खातो. आतलं बी इतकं चिकट, की ते सहज सुटत नाही. मग पक्षी फांदीवर शेपटीकडचा भाग घासतो, बी सालीला चिकटतं आणि तिथेच रुजतं. पुढच्या फांदीवर, पुढच्या झाडावर हाच उद्योग. त्यामुळे एकट्यानं आपली बाग साफ करून भागत नाही. शेजारच्या पडीक बागेतली बांडगुळं पाखरांच्या पोटातून आपल्याकडे येतात. मुंबईत भावाभावांत वाटण्यांचा वाद चालू असलेली बाग गावात कुठली, हे विचारावं लागत नाही. तिच्यातल्या आंब्याला आंब्याची पानं कमी आणि बांडगुळाचीच जास्त असतात.

बांडगूळ ओढून काढायचं नाही. ओढलं की वरचा पाला हातात येतो आणि फांदीत घुसलेला भाग पुन्हा फुटतो. बारीक फांदी असेल तर गाठीच्या मागे वीतभर-हातभर निरोगी भाग घेऊन कापायची. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, तेही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी बादलीत केलं तर मोरचूद लोखंड खातं आणि औषध बिघडतं. हा उतारा फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांतून १८८० च्या दशकात जगभर गेला. आमच्या सुपारीच्या बागा कोळेरोगापासून आजही याच निळ्या पाण्यावर तगतात.

त्याच फेरीत भिरूड शोधायचा. बुंध्यापाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, सालीतून डिंक ओघळलेला दिसला, की आत अळी आहे. तारेच्या आकड्यानं ती ओढून काढायची, भोकात कीटकनाशकाचा बोळा घालून चिखलानं लिंपायचं. काम दहा मिनिटांचं. ऑक्टोबरात हुकलं तर मेपर्यंत फांदी आणि काही वर्षांत झाड जातं. पन्नास-साठ वर्षांचं कलम भिरुडानं बसलेलं बघणं वाईट असतं, आणि ते बहुतेक वेळा दुर्लक्षानंच बसलेलं असतं.

आता हापूसचा खरा पेच. आंब्याला मोहोर येतो तो जून, पिकलेल्या काडीवर. त्यासाठी झाडाला दोन गोष्टी लागतात: जमिनीतला ओलावा कमी होणं आणि रात्रीचा गारवा. ऑक्टोबरचं कडक ऊन झाडाला ताण देतं, नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी मोहोर बाहेर काढते. म्हणून धरत्या झाडाला या दिवसांत पाणी द्यायचं नसतं. शहरातून निवृत्त होऊन हौसेनं बाग घेतलेली माणसं नेमकी इथे चुकतात. उन्हात झाडं सुकलेली वाटतात, दया येते, ठिबक चालू होतं, आणि झाड मोहोराऐवजी लालसर कोवळी पालवी काढतं. पाणी हवं ते पहिल्या तीन वर्षांच्या कोवळ्या कलमांना. त्यांना पाऊस थांबल्यापासून चुकवू नये.

माणसानं पाणी दिलं नाही तरी आभाळ देतंच, हे गेल्या काही वर्षांतलं दुखणं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान विभाग आधी २९ सप्टेंबर धरत असे. २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर केली. कागदावरचे हे नऊ-दहा दिवस बागायतदाराच्या हिशेबात फार मोठे आहेत. तेवढीच बेणणी पुढे जाते, तेवढाच ताण उशिरा बसतो आणि आंबा तेवढाच वैशाखाच्या शेवटाकडे ढकलला जातो. त्यावर वादळं. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान इथले मच्छीमार विसरलेले नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस, ऐन दिवाळीत क्यार आलं. किनाऱ्याला न धडकता ते अरबी समुद्रात पश्चिमेला निघून गेलं, पण जाता जाता असा पाऊस टाकला, की कापून ठेवलेलं भात शेतातच रुजलं. अशा पावसानंतर आंबा पुन्हा पालवतो. ती पालवी पिकायला वेळ हवा, तोवर मोहोराची वेळ टळलेली.

पालवी आली की तुडतुडे आले. पोपटी पानाच्या मागच्या बाजूला पाचरीसारखे बसतात, फांदी हलवली की टपटप उडतात. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आंब्याच्या फवारण्यांचं वेळापत्रक देतं. त्यातली पहिली फवारणी मोहोरावरची नाही, या पालवीवरची आहे. तिथे तुडतुडा आवरला तर मोहोरात त्याची पैदास कमी होते. अनेकजण पहिली फवारणी पैसे वाचवायला टाळतात आणि जानेवारीत घाबरून वेळापत्रकाबाहेरच्या दोन जादा मारतात. युरोपीय संघानं २०१४ मध्ये फळमाशीमुळे भारतीय आंबा बंद केला होता, २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या पेटीची तपासणी कडक झाली आहे. कीड आणि औषधाचा अंश, दोन्ही बघतात.

निसर्गाचा ताण पुरेसा भरवशाचा नाही, म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल. बाजारातल्या कल्टार या नावानंच ते सर्वतोमुखी आहे. झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संजीवक ते बनू देत नाही. वाढ थबकते, आणि झाड लवकर, दरवर्षी मोहोरतं. विद्यापीठाची शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्टची. झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या साधारण मध्यावर गोलाकार भोकं पाडून. म्हणजे हे काम आश्विनातलं नव्हे. त्याची नीट पाहणी मात्र आश्विनातच होते.

इथे मुंबईच्या मालकाचा संबंध येतो. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आली आणि सडेच्या सडे कलमांनी भरले. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, दुसरीकडून माती आणून भरली. लावणारी पिढी थकली, पुढची मुंबई-पुण्यात. बाग करारानं द्यायची, वर्षाचे पैसे घ्यायचे, ही रीत पडली. करार दोन-तीन वर्षांचा. करार घेणाऱ्याला त्याच मुदतीत पैसे काढायचे असतात, त्यात त्याची चूक नाही. पण मग काहीजण शिफारशीपेक्षा जास्त मात्रा देतात, शेणखताचा खर्च टाळतात, बांडगूळ काढत नाहीत, कारण बांडगुळाचा त्रास करार संपल्यावर होणार असतो. झाड तीन वर्षं भरभरून देतं आणि चौथ्या वर्षी मालकाच्या हाती येतं ते आखूड पेरांचं, गुच्छासारख्या पानांचं, दमलेलं झाड. औषध वाईट नाही. मोठ्या झाडाला त्यासोबत वर्षाला पन्नास किलोच्या आसपास शेणखत आणि रासायनिक खताची पूर्ण मात्रा मिळाली तर ते वर्षानुवर्षं चालतं. उपाशी झाडाला दिलं तर झाड संपतं.

आंब्यानं एवढी जागा खाल्ली की आगराला थोडकीच उरली. माडांची आळी आता नीट करून घ्यायची, खताचा एक हप्ता द्यायचा, आळ्यात सोडणं आणि झावळ्यांचं आच्छादन घालायचं. माडावर चढणारा पाडेली मिळेल त्या दिवशी माडाचा शेंडा साफ करून घ्यायचा आणि गेंड्या भुंगा असेल तर तारेनं काढायचा. शेणखताचा खड्डा उघडा असेल तर भुंग्याच्या अळ्या तिथेच वाढतात, तेव्हा आधी खड्डा उपसावा. रत्नागिरी शहराला लागून भाट्ये इथे विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावलेली त्यांची ‘लाखी बाग’ गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पर्यटकानं वाट वाकडी करून बघावी. समुद्रावर उंटावर बसण्यापेक्षा ते बरं.

परसदारी याच दिवसांत वेगळीच धांदल. पडवळ-दोडक्याचे मांडव उतरतात. शेवटची तवशी आणि भोपळे बियाण्यासाठी राखून घरात शिंकाळ्याला किंवा आढ्याला टांगतात. रिकाम्या जागी वाफे होऊन मुळा, लाल माठ, मिरची, वांगी येतात. खाली मळ्यात शिरगावच्या संशोधन केंद्राचं रत्नागिरी-१ सारखं हळवं भात आधी कापून होतं, गरवं मागाहून. भात निघालं की उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि पावटा. गडग्यावरची कारिटाची वेल मात्र बेणणीतही कोणी तोडत नाही. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायला कारीट लागतं. मुंबईच्या बाजारात ते विकत मिळतं म्हणे.

बागांत नेपाळी कुटुंबंही याच सुमारास येतात. दशैं-तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, झाली की सड्यावरच्या खोपटांतून चुली पेटतात. राखण, फवारणी, तोडणी, पेट्या भरणं, सगळं तेच करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ च्या ऑक्टोबरात. त्यात जिल्ह्यांची नावं आहेत. बाग राखणाऱ्या या हातांचा उल्लेख कुठल्याच पेटीवर नसतो. निदान त्यांच्या खोपटाला पत्रा, पाणी आणि वीज असावी, एवढं मालकानं बघायला हरकत नाही.

एक काम राहिलं, धाडसाचं. चाळीस-पन्नास वर्षांची कलमं एकमेकांत घुसून आत अंधार झालेला असेल, तर विद्यापीठ छाटणीनं पुनरुज्जीवन सुचवतं, आणि त्याचाही हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुनं झाड निम्म्यावर कापायला हात धजत नाही. पहिली दोन वर्षं उत्पन्न नाही, कापलेल्या खोडाला भिरूड लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. पण ऊन आत पोचतं, झाड हाताशी येतं, फवारणीचा खर्च उतरतो. सगळी बाग एकदम कापू नये. एक ओळ या वर्षी, दुसरी पुढच्या.

ज्यांची बाग करारानं दिलेली आहे त्यांनी यंदा भाऊबीज झाली की दोन दिवस काढून गावाला यावं. कोकण रेल्वेला तेव्हा गणपतीइतकी गर्दी नसते. बागेत शिरून तीन गोष्टी बघाव्यात: गवत कापून झाडाखाली घातलंय की जाळलंय, बांडगुळं उतरली आहेत का, आणि शेंड्याची पेरं आखूड पडली आहेत का. पुढच्या करारपत्रात बेणणी, बांडगूळ काढणं, शेणखताची मात्रा आणि कल्टारची मर्यादा ही चार कलमं लिहून घ्यावीत. त्यासाठी करार घेणारा दोन पैसे कमी देईल. ते कमी घ्यावेत.